तारीख न बघितलेली सुट्टी

काल संध्याकाळी चहा कपात ओतायला आणि फोन टुणकन वाजायला एकच गाठ पडली. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "उद्या सुट्टी हाय काय?" बाहेर चार दिवसांचा पाऊस कौलांवर, पत्र्यांवर, उभ्या केलेल्या रिक्षांच्या टपांवर एकाच सुरात पडत होता. माझा हात आपोआप फोनकडे गेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून सविताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला, "हात लावू नका."

तिला तिथून मी दिसत नव्हतो. फोनही दिसत नव्हता. पण असल्या प्रश्नाला मी उत्तर देऊ नये, हा आमच्या घरात तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापासूनचा नियम आहे, आणि तो मोडायची माझी हिंमत नाही.

त्या पावसाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. न वाळलेल्या कपड्यांचा, दमट गादीचा, आणि ओले मोजे इस्त्रीनं वाळवताना येतो तो एक करपट वास. ओवी, आमची मुलगी, तेव्हा पहिलीत होती. तिच्या दप्तरातली वही फुगून पापडासारखी झाली होती. गल्लीत कुणीही भेटलं की "कसं काय" असं न विचारता "पाणी किती आलंय?" असं विचारायचं. पंचगंगेचं पाणी फुटाइंचात सांगता आलं नाही तर माणूस कोल्हापूरचा आहे की नाही अशी शंका घेतली जायची. संध्याकाळी लोक कुटुंबासकट पाणी बघायला जायचे, आणि भाजलेलं कणीस खात, दुसऱ्याच्या दारात आलेल्या पुराकडे बघत, "लई वाढलं की" म्हणायचे. त्यात मीही असायचो. कणीस खाताना मला कधी लाज वाटली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

लहानपणी आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. पावसानं शाळेला सुट्टी पडली की गल्लीभर आरोळी उठायची. दप्तर कोपऱ्यात, चपला दारात, आणि आम्ही गटारात कागदी होड्या सोडायला मोकळे. भिजून आलो की आई टॉवेल घेऊन उभी असायची. चुलाण्यावर पाणी तापलेलं असायचं. आई तिथं का उभी आहे, तिला दुसरीकडे कुठं जायचं होतं का, असला प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. मला वाटायचं, आई ही घराबरोबरच येते, दाराला कडी येते तशी.

सविताला मात्र दुसरीकडे जायचं होतं. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन. ओवी झाली तेव्हा नोकरी सुटली, ती सहा वर्षं सुटलेलीच राहिली. त्या उन्हाळ्याच्या शेवटी एका लॅबच्या डॉक्टर मॅडमनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. तीन महिने काम बघायचं, पटलं तर कायम. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, "पोरगी लहान आहे म्हणतेस. रजा घेणार असशील तर आत्ताच सांग, राग नाही." सविता म्हणाली होती, "न्हाय घेणार मॅडम." त्या तीन शब्दांवर आमचं घर दोन महिने चाललं होतं. सकाळी साडेसातला शाळा, साडेबाराला शाळेतून थेट शोभाकाकूंच्या पाळणाघरात, सहाला घरी. घड्याळाच्या काट्यांत गहू दळल्यासारखं सगळं बारीक आणि व्यवस्थित.

आणि मग कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली.

इथं एक सांगायला हवं. शाळा बंद झाली की शोभाकाकूही बंद. कलेक्टरांचा आदेश त्या स्वतःलाही लावून घ्यायच्या. "उद्या काय झालं तर कोण निस्तरायचं?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते चूक होतं असं नाही. सोमवारी, मंगळवारी मी रजा काढली. बुधवारी सवितानं आपली रविवारची सुट्टी अलीकडे ओढून घेतली. गुरुवारी ओवीला लॅबमध्ये नेलं. ओवीनं तिथं एका पेशंटला विचारलं, "तुमच्या बाटलीत काय हाय?" मॅडम हसल्या, पण म्हणाल्या, "आजच्यापुरतं ठीक आहे. इथं पोरं नकोत."

दरम्यान मी गडहिंग्लजला फोन लावला होता. आई तिथं थोरल्या भावाकडे असते. वाटेत पाणी, एस.टी. बंद. आई म्हणाली, "येऊ कशी? हेलिकाप्टर पाठव." मग थांबून, "व्हय रं, आमी पाच पोरं वाढवली. तुमा दोघास्नी मिळून एक जमंना?" मी म्हणालो, "आई, तू कामावर जात न्हवतीस." पलीकडून आवाज चढला. "पेठंत यायच्या आदी रानात तण भांगलायला कोण जात हुतं, तुजा बा? पाठीला तूच बांधलेला हुतास." दाराच्या कडीची माझी जी कल्पना होती ती त्या फोनवर निखळून पडली.

गुरुवारी दुपारी ऊन पडलं. पिवळं, बावळट, चार दिवस झोपून उठल्यासारखं ऊन. तरी आमच्या जवळची शाळाही बंदच होती म्हणून मी तणतणत होतो. "पाऊस न्हाय, पाणी उतरलंय, मग कशाची सुट्टी? मास्तरांची मज्जा हाय!" संध्याकाळी कामावरून आल्यावर दूध आणायला जाताना त्या शाळेवरून गेलो. वर्गांच्या खिडक्यांत साड्या वाळत होत्या. नदीकाठच्या घरांतली माणसं तिथं आणून ठेवली होती. फळ्याखाली एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती, आणि फळ्यावर कुणीतरी सुविचाराच्या जागी जेवणाच्या वेळा लिहिल्या होत्या. मी दुधाची पिशवी घेऊन गुपचूप परत आलो. मास्तरांविषयीचं माझं मत मागे घेतलं, पण कुणाला सांगितलं नाही.

आता माझ्या कामाविषयी. मी शिरोलीला एका फौंड्रीत टाइमकीपर आहे. कोण आला, कोण उशिरा आला, कुणाची रजा किती उरली, हे सगळं माझ्या वहीत. त्यामुळे माझ्या स्वतःच्या दोन रजा शिल्लक आहेत हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं. घरी मी "संपल्या" असं सांगितलं होतं. कारण? कारण आखाड होता, बाबांनो. श्रावण लागायच्या आत चंदगडकडं एका मित्राच्या काजूच्या बागेत दोन दिवस मटण शिजणार होतं. चंदगडात त्या आठवड्यात बेडकांनीसुद्धा कोरडी जागा शोधायला सुरुवात केली असेल, पण आमचा कार्यक्रम पक्का होता. बायकोची नोकरी एका पारड्यात आणि तांबडा रस्सा दुसऱ्यात. मी तराजू धरला होता, आणि वर टाइमकीपर म्हणून मिरवत होतो.

गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवर विचारपूस सुरू झाली. हा ग्रुप फक्त पालकांचा. त्यात शाळेचं कुणी नाही, म्हणून तर तिथं मोकळेपणानं बोलता येतं. पाळणाघरामुळे तेवढ्या शोभाकाकू त्यात. शाळेकडून काहीच आलं नव्हतं. आता सुट्टी असली तरच निरोप येतो, नसली तर कशाला येईल, हे आज समजतं. तेव्हा मात्र सगळे श्वास रोखून बसले होते, आणि मला एक जुनं व्यसन आहे: बातमी पहिल्यांदा माझ्याकडून गेली पाहिजे. तेवढ्यात एका मित्राकडून आदेशाचा फोटो आला. वर कार्यालयाचं नाव, खाली सही, गोल निळा शिक्का. शिक्का बघूनच माझी छाती भरून आली. फोटो पुढं ढकलला, खाली लिहिलं, "उद्याही सुट्टी. काळजी घ्या." कुणीतरी विचारलं, "खात्रीचं हाय न्हवं?" मी लिहिलं, "शिक्का हाय." त्यावर अंगठे पडले, हात जोडलेले पडले. एका आईनं नुसतं लिहिलं, "अरे देवा. उद्या पण?" तो मेसेज मी वाचला आणि पुढं गेलो.

तो आदेश आदल्या वर्षीचा होता. तारीख तिथंच होती, शिक्क्याच्या कडेला, बारीक. जो माणूस आठ वाजून तीन मिनिटांनी आलेल्या कामगाराला लेट मार्क लावतो, त्यानं अख्खं एक वर्ष बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी सवितानं विचारलं, "आता आज काय?" मी बुटाची नाडी बांधत म्हणालो, "माझ्या तर संपल्या." तिनं माझ्याकडे बघितलं, ओवीकडे बघितलं, आणि फोन हातात घेतला. मी बाइकला किक मारली. रस्त्यावर शाळेच्या रिक्षा दिसल्या. मला वाटलं, बिचारे, यांना कळलं नसेल.

कामावर पोचून हजेरी घेतोय तोच फोन. सविताचा आवाज खालच्या पट्टीत होता. ती चिडली की आवाज चढत नाही, उतरतो. तिनं मॅडमना फोन केला होता: "मॅडम, आज शाळेला सुट्टी हाय, पाळणाघरपण बंद, मला आज..." मॅडम म्हणाल्या होत्या, "सुट्टी? माझा नातू आत्ता रिक्षातनं गेला की शाळेला." मग मॅडम "ठीक आहे" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"त्यांना वाटलं मी खोटं बोलले," सविता म्हणाली. "दोन महिन्यांत एक दांडी न्हाय मारली मी. आणि आज खोटारडी."

मी फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. आकडे मोठे झाले, मी बारीक झालो.

तोवर ग्रुप पेटला होता. एका वडिलांनी रिकाम्या वर्गाचा फोटो टाकला होता. त्यांची मुलगी एकटीच पहिल्या बाकावर, पाठीमागं सगळे बाक ओस. खाली लिहिलं होतं, "आमच्या हिला आज पैला नंबर. पावणं, तुमची कृपा." दुसऱ्या एकानं, "भावा, पुढच्या वर्षीची सुट्टी पण आत्ताच टाकून ठेव." शोभाकाकूंनी लिहिलं होतं, "मी तर पहाटेच्या गाडीनं भणीकडं आले. रस्ता आजच सुटला म्हणून." आणि रात्री "अरे देवा" लिहिणाऱ्या आईनं काहीच लिहिलं नव्हतं. तिला किती जणांपुढं हात जोडायला लागले असतील, या विचारानं मला बाकीच्या शिव्या गोड वाटायला लागल्या.

मी साहेबांकडून रजा मागून घरी धावलो. दारात सविता साडीला पिन लावत उभी होती.

"रजा संपल्या म्हणालता की तुम्ही."

मी म्हणालो, "दोन हुत्या."

"कशासाठी?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आखाड."

ओवीनं विचारलं, "आखाड म्हणजे काय?" सविता म्हणाली, "बाबांना विचार," पर्स उचलली, आणि "मी जाते. तुम्ही हिला बघा. आणि मधे पडू नका, माझं मी बघते," एवढं बोलून जिना उतरली.

मधे पडू नका, हे तिनं स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकूही आलं होतं. पण ज्यानं घोळ घातलाय त्याला तो निस्तरायचीही हौस असते. तासभर मी घरात फेऱ्या मारल्या. ओवी स्टुलावर चढून "मी कलेक्टर! उद्या सुट्टी! परवा पण सुट्टी!" असे आदेश काढत होती, आणि प्रत्येक आदेश मला झोंबत होता. शेवटी तिला रेनकोटमध्ये कोंबलं आणि लॅब गाठली. मॅडमसमोर उभं राहायचं, म्हणायचं, चूक माझी, हिची नाही.

जिना चढताना लक्षात आलं की हा जिना मी पहिल्यांदाच चढतोय. दोन महिने रोज तिला कोपऱ्यावर सोडायचो आणि वळायचो.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "उपाशी हाय काय?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी म्हणालो, "व्हय, पण मला मॅडमना..."

"मॅडम नंतर बघतात. पैलं आत बसा. बाळ हितं बसू दे."

पाठीमागं रांग होती. एक आजोबा म्हणाले, "चला की पावणं, भ्याला काय?" आता भ्यालो नाही हे दाखवणं आलं. मी आत जाऊन खुर्चीत बसलो. बाही वर झाली. आणि पडदा सारून, पांढरा कोट, हातात मोजे, तोंडावर मास्क, अशी सविता समोर उभी.

तिनं मला बघितलं. शेजारच्या खुर्चीत एक बाई होती, दारात आजोबा होते. सवितानं नवी सुई काढली. माझ्या दंडाला रबरी पट्टी बांधली; जरा जास्तच आवळली, असं माझं अजून मत आहे. म्हणाली, "मूठ आवळा."

मी आवळली. तिनं दोन बोटांनी कोपराच्या खोबणीत शीर शोधली. घरात ती बोटं मी हजारदा बघितली होती, भाकरी थापताना, ओवीच्या वेण्या घालताना. ही मात्र वेगळी होती. शांत, नेमकी, कुणाची परवानगी न मागणारी. सुई कधी गेली कळलं नाही. नळीत रक्त चढलं, तिनं कापूस दाबला, नळीवर नाव लिहिलं, घड्याळ बघून वेळ लिहिली, तारीख लिहिली. शेजारची बाई म्हणाली, "ह्या ताईंचा हात लई हलका बघा. मी ह्यांच्याकडनंच काढून घेते." मी मान हलवली. सहा वर्षं हा हात आमच्या घरात होता, आणि त्याला काय येतं हे मला एका परक्या बाईकडून कळत होतं. रक्त काढल्यानं माणसाला गरगरतं म्हणतात. मला त्यानं गरगरलं नव्हतं.

तेवढ्यात ओवी पडद्यातून शिरली. "आई! बाबांना टोचलंस? बरं झालं!"

आजोबा हसले, बाई हसली, आणि आवाज ऐकून डॉक्टर मॅडम आतून आल्या. मी उठून, कोपर दुमडून, कापूस धरून, पाठ केलेलं सगळं एका दमात बोललो. फोटो, शिक्का, मागचं वर्ष, चूक माझी. मॅडमनी ऐकून घेतलं.

"हे तिनं मला आल्या आल्या सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायची गरज नव्हती."

मग मॅडमनी सवितानं भरलेली ती नळी उचलून माझ्यासमोर धरली. "आमच्याकडं नमुन्यावर तारीख नसली की आम्ही तो फेकून देतो. कितीही ओळखीच्या माणसाचा असला तरी."

मी म्हणालो, "पण हिची नोकरी..."

"तिचे तीन महिने झाले की मी तिच्याशी बोलेन," मॅडम म्हणाल्या. "तिच्याशी." आणि आत गेल्या.

परत येताना ओवी बाइकवर पुढं बसून पावसाला हात दाखवत होती. मी विचार करत होतो, की सुट्टीचा आदेश निघतो तेव्हा त्यात लिहिलेलं असतं शाळा बंद, अंगणवाडी बंद. पुढची ओळ कुणी लिहीत नाही, पण प्रत्येक घर ती वाचतं आणि न बोलता एकाच माणसाकडे बघतं. आदेश काढणारे चुकत नाहीत. पाणी रस्त्यावर आलं की पोरांना घरात ठेवायलाच हवं. पण घरात म्हणजे कुणाजवळ? मी रोज दीडशे माणसांची हजेरी घेतो. माझ्याच घरात कोण कायम हजर धरलं जातं, हे कधी तपासलं नव्हतं.

सोमवारी पुन्हा पाणी चढलं. या वेळचा आदेश खरा होता, तारखेसकट. उरलेली दीड रजा मी त्या दोन दिवसांत लावली, कमी पडला तेवढा पगार कापून घेतला. चंदगडच्या बागेत माझ्याशिवाय मटण शिजलं आणि माझ्याशिवायच संपलं. मला फोनवरून हाडं चघळल्याचे आवाज ऐकवण्यात आले. ते दोन दिवस मी घरात ओवीबरोबर काढले. दुपारचे तीन वाजायला किती वेळ लागतो हे मला टाइमकीपर असून माहीत नव्हतं.

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी सविता घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "ठेवलं." एवढंच. मग पंख्याखाली बसून राहिली. मी चहा केला. साखर विसरलो. तिनं तसाच प्यायला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि फॉर्मवर पहिला फोन कुणाला करायचा त्या रकान्यातला आपला नंबर खोडून माझा लिहून आली. मला विचारलं नाही, घरी येऊन सांगितलं.

आज सकाळी अकराच्या सुमाराला भट्टी ओतायची वेळ होती. पत्र्यांवर पाऊस, खाली लोखंडाचा उजेड, कानठळ्या बसवणारा गोंगाट. खिशात फोन थरथरला. "ओवीचे पालक ना? पाणी रस्त्यावर यायला लागलंय. शाळा लवकर सोडतोय. न्यायला या."

मी हजेरीची वही मिटून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ओरडूनच सांगावं लागलं, "साहेब, पोरीची शाळा सुटली. जायला लागतंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि तेही ओरडले, "आत्ता? ऐन वेळेला? अहो, घरात मंडळी न्हाईत काय?"

भट्टीचा आवाज इतका होता की बाहेर उभ्या असलेल्या दहाबारा जणांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मला उत्तर द्यावं लागलं.

"न्हाय साहेब. कामावर गेल्यात."

आणि रेनकोट चढवून मी निघालो.